भरतकामाच्या दोऱ्याचा वेडा राघू: पहिल्या फासापासून फांदीवर बसेपर्यंत

क्रोशाने बारीक पक्षी विणायचा म्हटलं की बहुतेकजणी चिमणीपासून सुरुवात करतात, आणि विणून झाल्यावर ही चिमणी आहे असं सांगावं लागतं. तीन सेंटीमीटरच्या पक्ष्यात तपकिरी-करड्या छटा दिसतच नाहीत, उरतो तो नुसता गोळा. म्हणून मी शिकवते ती वेड्या राघूपासून. आपल्याकडे वावरातून जाणाऱ्या विजेच्या तारेवर, धुऱ्यावरच्या बोरीच्या शेंड्यावर तो हमखास बसलेला असतो. माशी किंवा गांधीलमाशी दिसली की झेप घेतो, पकडून पुन्हा त्याच जागी येतो आणि फांदीवर आपटून खातो. बारीक वाकडी चोच, डोळ्यावरून गेलेली काळी पट्टी आणि शेपटीतून बाहेर आलेली दोन लांब पिसं, एवढं जमलं की बाकी विणकाम थोडं वाकडंतिकडं झालं तरी लहान पोरही त्याला ओळखतं. या आकारात सगळी मेहनत याच तीन ठिकाणी घालायची. पिसापिसाचा तपशील विणायला जाल तर दोरा आणि डोळे दोन्ही वाया जातील.

सामान

भरतकामाचा सुती दोरा घ्या. अँकरसारख्या लच्छीत ८ मीटर दोरा असतो आणि तो सहा पदरी असतो. गवती हिरवा, विटकरी, काळा आणि फिकट निळा अशी प्रत्येकी एक लच्छी पुरते. हिरवाही एका लच्छीत पुरून उरतो. आठवडी बाजारात मिळणारा चमकदार रेशमी दोरा स्वस्त असतो, पण पहिल्या कामाला तो घेऊ नका. तो सुईवरून घसरतो, गाठ धरत नाही आणि पदर फिसकटतात. विटकरी दोऱ्याचं टोक ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग उतरला तर तो दुसऱ्या कामाला ठेवा, कारण शेपटीला पुढे पातळ फेविकॉल लावायचा आहे आणि ओल लागली की रंग हिरव्यात पसरतो.

क्रोशाची सुई स्टीलची, १.२५ मिलिमीटरची. तालुक्याच्या जनरल स्टोअरमध्ये पुष्कळदा सुईवर नंबरच नसतो. तेव्हा दोऱ्याचा तुकडा सोबत न्या आणि दुकानातच सुईच्या खाचेत बसवून बघा. सहाही पदर खाचेत मावले पाहिजेत आणि दोरा खाचेत सैल लोळताही कामा नये. सुईचं टोक ओढणीवर फिरवा. कुठे अडकलं तर ती सुई परत ठेवा, ती तुमचा दोरा फाडणार.

बाकी सामान असं: मोठ्या नाक्याची एक सुई आणि भरतकामाची एक बारीक सुई, टोकदार कात्री, फेविकॉल, काळ्या पोतीतले दोन बारीक मणी, भरायला कापूस आणि थोडी बारीक तार. तारेसाठी हार्डवेअरच्या दुकानात जाऊ नका. तिथली बाइंडिंग वायर जाड असते आणि गंजते. शेतातल्या पंपाच्या मोटारी जिथे रिवाइंडिंगला देतो, त्या दुकानात तांब्याच्या तारेचे उरलेले तुकडे पडलेले असतात. २४ ते २६ गेजची तार मागा. ती बोटांनी वळते आणि वळवली तशीच राहते.

दोरा लच्छीतून थेट विणायला घेऊ नका, तिसऱ्या फेरीपर्यंत गुंता होईल. जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून त्यावर सैल गुंडाळून घ्या. ताणून गुंडाळलात तर दोरा चपटा होतो आणि विणताना पदर वेगळे व्हायला लागतात.

विणण्याआधी हाताला लागणाऱ्या गोष्टी

पंख सोडले तर पूर्ण पक्षी मुक्या खांबाचा आहे. टाक्यातून सुई घालून दोरा ओढायचा, सुईवर दोन फासे झाले की पुन्हा दोरा घेऊन दोन्हीतून एकदम काढायचा. 'साखळी' म्हणजे सुईवरच्या फाशातून दोरा ओढून केलेला नुसता फासा. पुढे 'सरळ' लिहिलंय तिथे प्रत्येक टाक्यात एक मुका खांब घाला, कंसातला आकडा म्हणजे फेरी संपल्यावरचे एकूण टाके. 'वाढ' लिहिलंय तिथे एकाच टाक्यात दोन मुके खांब घाला. 'घट' म्हणजे दोन टाक्यांचा एक करायचा, पण बारीक कामात तो नेहमीसारखा केला की तिथे फुगवटा आणि भोक दिसतं. त्यापेक्षा पहिल्या टाक्याचा फक्त पुढचा धागा सुईवर घ्या, दुसऱ्याचाही फक्त पुढचा घ्या, त्या दोन्हीतून दोरा एकदम ओढा आणि मग मुका खांब पूर्ण करा. अशी घट बाहेरून दिसत नाही.

सहा पदरी दोऱ्याचा खरा त्रास म्हणजे सुई सहाऐवजी चारच पदर उचलते आणि दोन मागे राहतात. ते तेव्हा कळत नाही, दोन फेऱ्यांनंतर तिथे लोंबती कडी दिसते. उपाय एकच, प्रत्येक टाका ओढल्यावर नजर टाकायची. शिवाय विणता विणता दोऱ्याचा पीळ सुटत जातो. दर दोन-तीन फेऱ्यांनी फासा सेफ्टी पिनेत अडकवून काम हवेत लोंबतं सोडा, पुठ्ठ्याकडचा दोरा चिमटीत धरून त्याला पीळ भरेपर्यंत गिरकी द्या. पदर पुन्हा एकत्र येतात. एकच तुकडा दोनदा उसवला तर तिसऱ्यांदा वापरू नका, त्याला लव सुटलेली असते. तो तुकडा फेकू मात्र नका, भरायला लागेल.

उजेड दिव्याचा नको. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ओसरीत बसा, मांडीवर पांढरा दुपट्टा अंथरा. हिरव्या दोऱ्याची घरं पांढऱ्या कपड्यावर चटकन दिसतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी हे काम हातात घेऊच नये. घामाने सुई बोटांत फिरते, दोरा मळतो, आणि कूलरसमोर बसलं तर दोरा उडतो.

डोकं आणि अंग

विणकाम डोक्याच्या माथ्यापासून सुरू होऊन शेपटीकडे सलग उतरतं. फेऱ्या जोडायच्या नाहीत, गोल गोल चढत जायचं. म्हणून फेरी कुठे सुरू झाली हे कळायला वेगळ्या रंगाचा दोऱ्याचा तुकडा पहिल्या टाक्यापाशी आडवा ठेवा आणि प्रत्येक फेरीला पुढे सरकवा. लक्षात असू द्या, फेरीची सुरुवात ही पक्ष्याची पाठ. रंगबदलाची पायरी तिकडे जाते आणि पुढून दिसत नाही.

विटकरी दोऱ्याने:

१ली फेरी: मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे टोक ओढून आवळता येणाऱ्या दोऱ्याच्या कड्यात, ६ मुके खांब. रिंग सहा पदरी दोऱ्यात ओढताना अडकते. तसं झालं तर २ साखळ्या घालून पहिल्या साखळीत ६ मुके खांब घाला, मधलं भोक शेवटी सुईने शिवून टाका.
२री: सहाही टाक्यांत वाढ. (१२)
३री: १ मुका खांब, १ वाढ, असं ६ वेळा. (१८)
४थी: सरळ. (१८) शेवटच्या टाक्यात सुईवर दोन फासे राहिले की विटकरी सोडून हिरवा दोरा घ्या आणि त्याने टाका पूर्ण करा.

इथे थांबून वाटी कोणत्या बाजूला वळलीय ते बघा. इंग्रजी व्ही अक्षरासारखी घरं बाहेरच्या बाजूला दिसली पाहिजेत. एवढ्या लहान कामात ती हमखास उलटी वळते आणि ती आत्ताच उलटवता येते. मान विणून झाल्यावर कितीही दाबलं तरी उलटत नाही.

हिरव्या दोऱ्याने:

५वी आणि ६वी: सरळ. (१८)
७वी: ४ मुके खांब, १ घट, असं ३ वेळा. (१५) ही मान.
८वी: ४ मुके खांब, १ वाढ, असं ३ वेळा. (१८)
९वी: ६ मुके खांब, मग सलग ६ टाक्यांत वाढ, मग ६ मुके खांब. (२४)

नवव्या फेरीत वाढ चहूबाजूंनी न करता एकाच बाजूला केली आहे, कारण पक्ष्याची छाती पुढे असते आणि पाठ सरळ. वाढ चहूबाजूंनी केली की भोवरा तयार होतो.

१०वी ते १३वी: सरळ. (२४)

अकरावी फेरी झाली की थोडं थांबून चोच बसवून घ्यायची. पुढे ते तोंड अरुंद होत जातं.

चोच

तांब्याची तार २ सेंटीमीटर कापा. काळ्या दोऱ्याचा एकच पदर सोडवून घ्या. तारेच्या एका टोकाला फेविकॉलचा ठिपका लावा आणि त्या टोकापासून पदर घट्ट, एकाशेजारी एक गुंडाळत ७-८ मिलिमीटर जा. तिथून पुन्हा टोकाकडे अर्ध्यापर्यंत परत या आणि शेवट फेविकॉलने चिकटवा. त्यामुळे चोच मुळाशी जाड आणि टोकाला बारीक होते. वाळायला तासभर द्या. उरलेल्या उघड्या तारेची पक्कडीने बारीक कडी वळवा.

आता छातीचा फुगवटा समोर धरा. टाके मोजून पुढचा मध्य काढू नका. गोल चढणाऱ्या विणकामात फेऱ्या हळूहळू एका बाजूला सरकतात, त्यामुळे मोजणी फसते. डोळ्यांनी छातीचा मध्य बघा, त्याच्या बरोबर वर, विटकरी आणि हिरवा रंग जिथे मिळतात त्या ओळीत चोच आतून बाहेर काढा. कडी आत अडकते आणि चोच ओढली तरी निघत नाही. खाली किंचित वाक द्या. फार वाकवलीत तर शिंजीर दिसेल.

भरणं

कापूस आपल्याकडे घरचाच असतो, पण वेचून आणलेला तसाच कोंबू नका. सरकी काढा, चिकटलेली पत्ती वेचा, बोटांनी पिंजून मोकळा करा आणि एक दिवस कडक उन्हात ठेवा. सरकीचा तुकडा आत राहिला तर पावसाळ्यात कीड लागते. चरखा असलेल्या घरी पेळू मिळाला तर फारच छान.

डोक्यात आणि अंगात कापूस आधी मध्यभागी भरा. मग हिरव्या दोऱ्याच्या कातरणाचा पातळ थर कापूस आणि विणीच्या मध्ये आगपेटीच्या काडीने सरकवा. हे केलं नाही तर घट्ट भरल्यावर टाक्यांच्या फटींतून पांढरे ठिपके डोकावतात. मान मऊ राहू देऊ नका. मान ढिली असली की चोचीच्या वजनाने डोकं पुढे कलतं. सुती कापूस वर्षभरात दबतो, म्हणून वाटतं त्यापेक्षा थोडं जास्तच भरा.

१४वी फेरी: २ मुके खांब, १ घट, असं ६ वेळा. (१८)
१५वी: सरळ. (१८) इथपर्यंतचं भरून घ्या.
१६वी: १ मुका खांब, १ घट, असं ६ वेळा. (१२)
१७वी: सरळ. (१२)
१८वी: २ मुके खांब, १ घट, असं ३ वेळा. (९)
१९वी: सरळ. (९)
२०वी: १ मुका खांब, १ घट, असं ३ वेळा. (६)

सोळाव्या फेरीनंतर भरायला काडीचं उलटं टोक लागेल. शेवटच्या दोन फेऱ्या रिकाम्या ठेवा, तिथून शेपूट चपटी होणार आहे.

शेपूट

पक्षी पोट समोर करून धरा आणि खालचं सहा टाक्यांचं तोंड पुढून-मागून दाबून चपटं करा. सुई कडेला नसेल तर एखाद-दोन मुके खांब जास्त घालून कडेला आणा. आता दोन्ही थरांतून एकत्र सुई घालत ३ मुके खांब विणा, तोंड बंद होतं. मग १ साखळी, काम वळवा, ३ मुके खांब. अशा आणखी तीन ओळी. दोरा कापून ओढून घ्या आणि टोक आत लपवा.

खऱ्या वेड्या राघूची लांबी १६ ते १८ सेंटीमीटर असते आणि त्यातले जवळपास ५ सेंटीमीटर फक्त त्या दोन लांब पिसांचे. म्हणून आपल्या पिसांची लांबी अंदाजाने न ठरवता सव्वा सेंटीमीटरच्या आसपास ठेवा. हिरव्या दोऱ्याचे तीन पदर घ्या, ते शेपटीच्या शेवटच्या ओळीच्या मधल्या टाक्यातून अर्धे ओढा म्हणजे दोन टोकं लोंबतील. निम्मं पाणी आणि निम्मा फेविकॉल कालवून बोटांनी दोन्ही टोकं भिजवा, पीळ द्या आणि पक्षी चिमट्याने दोरीवर उलटा न टांगता सुलटा टांगा, म्हणजे पिसं आपल्या वजनाने सरळ वाळतील. वाळल्यावर तिरकी कात्री मारून टोकं निमुळती करा. शेपटीची ही पिसं पिल्लांना नसतात, म्हणून हा भाग बिघडलाच तर पिसं कापून टाका आणि पिल्लू आहे म्हणून खुशाल सांगा.

चेहरा

माझ्या मते सगळ्या कामातला हा सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास. त्यासाठी वेगळी बैठक मारा, विणून थकल्यावर करू नका.

काळ्या दोऱ्याचे दोन पदर बारीक सुईत ओवा. चोचीच्या मुळाशी वर काढा, डोक्याच्या बाजूने मागे चार-पाच टाके जाईल असा एकच लांब आडवा टाका घाला. तोच टाका किंचित वर आणि किंचित खाली आणखी एकेकदा घाला, म्हणजे मध्ये रुंद आणि दोन्हीकडे निमुळती पट्टी होते. दुसऱ्या बाजूला तेवढंच. दोन्ही बाजू समोरून बघून ताडून घ्या. एक पट्टी खाली उतरली की पक्षी रागावलेला दिसतो.

पट्टीच्या पुढच्या तिसऱ्या भागात, चोचीजवळ, पोतीचा मणी शिवा. काळ्यावर काळा मणी कशाला, असं वाटेल. पण मण्यावर उजेड पडला की तो चकाकतो आणि पट्टीत डोळा उघडतो. मणी ओवून झाल्यावर सुई एका डोळ्यातून डोक्याच्या आरपार दुसऱ्या डोळ्यात काढा आणि दोरा किंचित ताणा. दोन्ही मणी थोडे आत बसतात, गालफडं तयार होतात.

गळ्याला निळ्या दोऱ्याचे दोन पदर घेऊन चोचीखालून मानेपर्यंत पाच-सहा उभे भरीव टाके. त्याखाली, मानेच्या खाचेत, पुढच्या बाजूनेच काळ्या दोन पदरांची एक आडवी रेघ, गळ्यात बांधलेल्या दोऱ्यासारखी. ती मागपर्यंत नेऊ नका.

पंख

हिरव्या दोऱ्याचे सहाऐवजी चार पदर घ्या, नाहीतर पंख जाड होऊन अंगावर फुगतात. दोन मीटर तुकडा कापून दोन पदर एकेक करून ओढून काढा. एकदम ओढले तर गाठी पडतात.

९ साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत सुरू करून: १ स्लिप स्टिच, १ मुका खांब, ४ अर्धे खांब, १ मुका खांब, शेवटच्या साखळीत ३ मुके खांब. आता साखळीच्या दुसऱ्या बाजूने परत: १ मुका खांब, ४ अर्धे खांब, १ मुका खांब, १ स्लिप स्टिच. स्लिप स्टिच म्हणजे टाक्यातून ओढलेला दोरा सुईवरच्या फाशातूनही लगेच काढायचा. अर्धा खांब म्हणजे आधी दोरा सुईवर एकदा घेऊन मग टाक्यातून ओढायचा आणि तीन फासे एकदम काढायचे. पंखाला वीतभर दोरा ठेवून कापा. असे दोन.

गोल टोक नवव्या फेरीशी खांद्यावर, निमुळतं टोक शेपटीकडे. आधी दोन्ही पंख टाचणीने लावून लांबून बघा. पाठीवर मध्ये दोन-तीन टाक्यांची जागा मोकळी राहायला हवी. फक्त वरची कड एकेरी पदराने शिवा. टोक सुटं ठेवा. चहूबाजूंनी शिवलेला पंख ठिगळासारखा दिसतो.

फांदीवर बसवणं

या पक्ष्याचे पाय बसल्यावर दिसतच नाहीत, त्यामुळे पायांची कसरत नको. ५ सेंटीमीटर तार पोटाच्या खालच्या भागात, साधारण १४व्या फेरीत, एका टाक्यातून घालून तीन टाके सोडून बाहेर काढा. दोन्ही टोकं सारखी करून फांदीभोवती दोन वेढे द्या आणि टोकं खाली दाबा. फांदी म्हणून पऱ्हाटीची किंवा तुराटीची वाळलेली काडी उत्तम. पऱ्हाटीच्या काडीला बोंडाची रिकामी खोळ राहिली असेल तर ती तशीच राहू द्या. बसताना हा पक्षी ताठ असतो, म्हणून अंग उभं आणि शेपूट फांदीच्या मागून खाली. आडवा बसवलात की पोपट झाला.

यात तार आणि मणी आहे, त्यामुळे लहान लेकरांच्या हाती खेळायला देऊ नका. धुता येत नाही. धूळ बसली की जुन्या दाढीच्या ब्रशने झटका.

सहा पदरी पक्षी हाताला बसला की हीच मोजणी तीन पदरांत, ०.७५ मिलिमीटरच्या सुईने करा. पक्षी दोन सेंटीमीटरच्या आसपास येतो आणि ब्रोच म्हणून साडीवर लावता येतो. बचत गटाच्या स्टॉलवर ठेवायचा असेल तर किंमत दोऱ्यावरून नाही, तासांवरून काढा. दोरा जेमतेम काही रुपयांचा लागतो, त्यावरून हिशेब केलात तर दोन दुपारी फुकट गेल्या.

दुसरे पक्षीही याच मोजणीत निघतात. खंड्याला चोच दीडपट लांब, जाड आणि लाल गुंडाळायची, शेपूट दोनच ओळींची, डोकं आणि पोट चॉकलेटी, गळा-छाती पांढरी, पंख निळे. तान्ह्या पोळ्याला पोरांच्या लाकडी नंदीच्या पाठीवर बसवायला कोतवाल मागतात. तो सगळा काळा, शेपटीची दोन पिसं लांब न ठेवता दोन्ही कडांनी बाहेर वळवायची. पण काळा पक्षी पहिला करायला घेऊ नका. काळ्या दोऱ्यात टाके दिसत नाहीत, बोटांनी चाचपून मोजावे लागतात, आणि ते हाताला सवय झाल्यावरच जमतं.